रेकॉर्ड ऐकली, आता बोलू या: ध्वनिमुद्रिकांवरच्या गप्पा रंगवायच्या कशा?

“ती रेकॉर्ड ऐकलीस का? काय गायलेत!”
“हो ना, अप्रतिम!”

बहुतेक गप्पा इथेच संपतात. दोघांनी ऐकलेलं असतं, दोघांना आवडलेलं असतं, आणि तरीही एकाला नेमकं काय आवडलं ते दुसऱ्याला कळलेलं नसतं. मैफलीत ही अडचण येत नाही. दाद तिथल्या तिथे जाते आणि ती कोणत्या जागेला गेली हे शेजारच्याला आपोआप समजतं. रेकॉर्ड मात्र आपण एकटे ऐकतो, बोलतो दोन दिवसांनी, आणि मधल्या वेळात जागा निसटून जाते. पण मैफलीतली जागा गेली की गेली. रेकॉर्डवरची जागा परत ऐकता येते, दुसऱ्याला ऐकवता येते. म्हणून शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिकांवर बोलायचं तर माझा एकच आग्रह असतो: काय वाटलं ते जरूर सांगा, पण कुठे वाटलं ते आधी सांगा. पुढची सगळी पद्धत या आग्रहातून आलेली आहे. ती हिंदुस्थानी कंठसंगीत डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण माझं ऐकणं मुख्यतः तेच.

माणसं जमवताना

पाच ते आठ जण पुरेत. त्याहून जास्त झाले की दोघंतिघं बोलतात आणि बाकीचे चहा पितात. सगळे जाणकारच हवेत असं नाही. उलट एक-दोघं अगदी नवे असलेले बरे. नवा माणूस राग ओळखायच्या फंदात पडत नाही, त्यामुळे आवाज, श्वास, शब्द याकडे त्याचं लक्ष आपल्याआधी जातं. दर वेळी एकाने रेकॉर्ड निवडायची, आणि तिची माहिती काढून आणायची जबाबदारीही त्याचीच.

सुरुवात तीन मिनिटांच्या गाण्याने

उत्साहाच्या भरात पहिल्याच बैठकीला कुणीतरी तासाभराचा दरबारी राग लावतो. तसं करू नका. तास संपेपर्यंत पहिल्या दहा मिनिटांतलं कुणालाच आठवत नाही, आणि परत ऐकायला वेळही उरत नाही.

सुरुवात ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या, जुन्या तबकड्यांपासून करावी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत. म्हणजे तेच गाणं तीनदा ऐकलं तरी दहा मिनिटांत काम होतं, आणि सगळं गाणं सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी ताजं असतं. शिवाय या मर्यादेने गायकांना काय काय करायला लावलं ते ऐकणं हाच एक अभ्यास आहे. आलाप काही सेकंदांचा, लय मध्य किंवा द्रुत, अंतरा लवकर आणि तानांना हात राखून जागा. एरवी तासभर बढत (रागाचा सावकाश विस्तार) करणारा माणूस तीन मिनिटांत काय ठेवतो आणि काय सोडतो, यावरून त्याला त्या रागात महत्त्वाचं काय वाटतं ते समजतं.

दोन तबकड्या मी डोळे मिटून सुचवेन. पहिली अब्दुल करीम खाँसाहेबांची, ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटीतली ठुमरी. लहानपणी भीमसेन जोशींच्या कानावर ही रेकॉर्ड पडली, असं गाता आलं पाहिजे या ध्यासाने त्यांना पछाडलं आणि अकराव्या वर्षी ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. दुसरी केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाईंचा हा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेला. या गोष्टी जरूर सांगा, पण ऐकून झाल्यावर. आधी सांगितल्या तर लोक गाणं सोडून गोष्टच ऐकत बसतात.

रेकॉर्डची ओळख पटवून घ्या

या पायरीला लोक कंटाळतात. मला विचाराल तर निम्मे वाद इथे आळस केल्यामुळे होतात. आज आपल्याकडे येणारं बहुतेक संगीत फायलींच्या रूपात येतं. कुणीतरी तबकडीवरून कॅसेटवर घेतलं, कॅसेटवरून संगणकावर, आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी नाव दिलं. रागाचं नाव चुकतं, गायकाचं चुकतं, साथीदारांची नावं तर सर्रास गळतात. म्हणून एका कागदावर एवढं लिहून आणा: गायक, राग, बंदिशीचे पहिले शब्द, ताल, तबला, हार्मोनियम किंवा सारंगी कुणाची, आणि मूळ ध्वनिमुद्रण कशाचं. मूळ म्हणजे ७८ ची तबकडी, एलपी (जास्त वेळ चालणारी तबकडी), आकाशवाणी की खासगी बैठकीची फीत. जे कळलं नाही तिथे अंदाज न लिहिता जागा कोरी ठेवा.

मूळ तबकडी हाताशी असेल तर लेबलावरचा नंबर उतरवा आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबरही, म्हणजे त्या मुद्रणाचा स्वतःचा क्रमांक. एकच चीज एकाच गायकाने दोनदा मुद्रित केलेली असू शकते. मग दोघं जण दोन वेगळी गाणी ऐकून भांडत बसतात. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांवर आणखी एक सोय आहे. गाणं संपताच गायक स्वतःचं नाव सांगतो. १९०२ मध्ये कलकत्त्यात गोहर जान यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांत त्यांची ‘माय नेम इज गोहर जान’ ही घोषणा ऐकू येते. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गायकाची ओळख पटावी म्हणून ही पद्धत होती. फाईल करणाऱ्याने हा शेवट कापलेला असेल तर पूर्ण प्रत शोधा. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत अडलात तर संग्राहकांना विचारा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही रसिकांची संस्था आहे आणि तिच्या नियतकालिकातून अशी पुष्कळ माहिती प्रसिद्ध झालेली आहे.

आकाशवाणीचं म्हणून आलेलं ध्वनिमुद्रण तपासायला एक सोपी खूण आहे. आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमला मज्जाव केला होता. तेव्हा ‘आकाशवाणी, १९६०’ असं लिहिलेल्या फायलीत पेटी वाजत असेल तर साल किंवा ठिकाण यातलं काहीतरी चुकलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

आता वेगाचा मुद्दा. ७८ हा आकडा सगळीकडे छापलेला असला तरी जुन्या काळात मुद्रण करताना तबकडी फिरण्याचा वेग कमीजास्त असे. समजा मुद्रण ७४ फेऱ्यांवर झालं आणि कुणी ते ७८ वर वाजवून फाईल केली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. पेटीच्या काळी एक या पट्टीतला सा शेजारच्या पांढरी दोनला जाऊन बसतो. आणि चढतो तो नुसता सूर नव्हे, लयही. सव्वातीन मिनिटांचं गाणं दहा सेकंदांनी आखडतं. मग “काय तयारी आहे तानेची!” हे कौतुक निम्मं यंत्राच्या वाट्याला जातं. तपासायचं कसं? तानपुऱ्याचं ॲप लावून गाण्यातला सा शोधा, पट्टी लिहून ठेवा आणि त्याच गायकाच्या त्याच काळातल्या आणखी दोन-तीन रेकॉर्डींशी ताडून पाहा. एकच गाणं वेगळ्या पट्टीत निघालं आणि त्यात आवाजही चिरका किंवा जड वाटला, तर त्या प्रतीवरून लयीबद्दल काही बोलू नका.

कशावर ऐकायचं

मोबाइलच्या स्पीकरवर नको, एवढं एकच पथ्य. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा सा, सुमारे ७० हर्ट्झला येतो. मोबाइलचा चिमुकला स्पीकर त्या भानगडीत पडतच नाही. खर्ज नसला की गायक कशाला धरून गातो आहे तेच समजत नाही. साधे बरे हेडफोन किंवा घरातला जुना म्युझिक सिस्टिम चालेल.

खरखर काढून ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतींपासून जरा सावध असा. खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारी (तारांची गुंजणारी झणकार) जाते आणि शब्दांची धार बोथट होते. मला स्वतःला खरखरीसकट असलेली प्रत आवडते. दोन मिनिटांत कान सरावतात.

तीन फेऱ्या

पहिल्या फेरीत फक्त ऐका. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, पण शब्द लिहायचे नाहीत. मन हललं, ‘अरे!’ असं झालं, कंटाळा आला, खटकलं, की घड्याळातली वेळ टिपून शेजारी एक रेघ मारा. तोंडाने दाद द्यायची नाही. हे कठीण जातं, पण एकाची दाद दुसऱ्याचा कान ओढून नेते, आणि आपल्याला तर पाच जणांचे पाच स्वतंत्र कान हवे आहेत.

दुसऱ्या फेरीत हाताने ताल धरा. नवख्यांसाठी शेजारी कुणीतरी बोटांवर मात्रा मोजावी. सम (तालाची पहिली मात्रा) कुठे, मुखडा (समेवर येणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) कितव्या मात्रेपासून उचलला जातो आणि एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, किती सेकंदांचं आहे, एवढं पाहा. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी या फेरीसाठी उत्तम आहे. विलंबित झूमरा, चौदा मात्रांचा, तबल्याचा ठेका अगदी सरळ, मधे कसलाही गोंधळ नाही. एका आवर्तनाचा वेळ घड्याळाने मोजा आणि मग पुढच्या समेपर्यंत एवढ्या वेळात ते काय काय करतात ते ऐका. आपण शांत, गंभीर म्हणतो ती गोष्ट कशातून तयार होते याचा पत्ता तिथे लागायला लागतो.

तिसऱ्या फेरीला एकच प्रश्न घेऊन बसा. तो आधी ठरवा आणि मोठ्याने सांगा. उदाहरणार्थ, ‘या गायिका षड्जावर किती वेळा आणि कधी थांबतात?’ किंवा ‘बंदिशीचे शब्द तानेतही ऐकू येतात का?’ प्रश्न लहान असला की उत्तरं भरघोस येतात.

बोलताना

सगळ्यात नव्या माणसाने आधी बोलायचं, सगळ्यात जाणत्याने शेवटी. हा क्रम मोडू नका. बुजुर्गांनी एकदा “हा अडाणा राग नव्हेच” असं म्हटलं की बाकीच्यांच्या वह्या मिटतात.

प्रत्येकाने आपल्या एका रेघेबद्दल बोलावं आणि तीन गोष्टी सांगाव्यात: जागा, तिथे काय ऐकू आलं आणि आपल्याला काय वाटलं. क्रम हाच. नमुना म्हणून एक कल्पित नोंद देतो:

‘मारवा, विलंबित झूमरा. अस्थायीत मुखडा तिसऱ्यांदा आला त्यानंतरचं आवर्तन, तबला आठव्या मात्रेवर, म्हणजे खालीला (जिथे टाळी नसते तिथे). गायक मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतावर थांबले, तिथून कोमल रिषभावर आले आणि रिषभावरच राहिले. सा मधे असूनही त्याला स्पर्श केला नाही. मला घर दिसतंय पण दार सापडत नाही असं झालं. मुखड्याबरोबर सा लागला तेव्हा नकळत श्वास सुटला.’

शेवटची दोन वाक्यं अगदी खासगी आहेत, आणि ती तशीच असावीत. पण त्याआधीच्या तीन वाक्यांमुळे दुसरा माणूस ती जागा काढून ऐकू शकतो. त्याला तिथे दुसरंच काही वाटलं तर गप्पा खऱ्या सुरू होतात. ‘दैवी’, ‘अंगावर काटा’, ‘शब्दच नाहीत’ या शब्दांवर मी बंदी घालत नाही. ते म्हणा, आणि लगेच रेघ दाखवा.

परिभाषा येत नसेल तर साध्या भाषेत सांगा. “इथे आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेला, तुटला नाही” हे वाक्य ‘मींड’ या शब्दाइतकंच कामाचं आहे. जाणत्यांनी मग शब्द पुरवावा, वाक्य दुरुस्त करू नये. सतार-सरोद असेल तर शब्दांचा आधार नसतो. तिथे आलाप, जोड, झाला, गत असे टप्पे धरून जागा सांगा.

तुलना करताना एकच गोष्ट बदला

तुलना केल्याशिवाय रसिकाला चैन पडत नाही, आणि पडूही नये. पण एका बाजूला भीमसेनांचा भर मैफलीतला पुरिया आणि दुसऱ्या बाजूला कुणाची तरी तीन मिनिटांची तोडी, ही तुलना होत नाही. गायक, राग, बंदिश, वय, मुद्रणाचा प्रकार यांतली एकच गोष्ट बदला आणि बाकीच्या जमतील तितक्या सारख्या ठेवा.

सर्वांत शिकवणारी तुलना तेच स्वर असलेल्या रागांची. भूप आणि देशकार, दोन्हीत सा रे ग प ध हे पाचच स्वर. किशोरीताई आमोणकरांचा भूप लावा, ‘प्रथम सूर साधे’ आणि मागोमाग ‘सहेला रे’. गाणं गांधाराकडे कसं परत परत येऊन विसावतं ते टिपा. मग कुणाचाही चांगला देशकार लावा. तिथे धैवत उभा राहतो, गाणं सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात खेळतं आणि रिषभ चोरपावलांनी जातो. हे पुस्तकात ‘वादी गांधार, वादी धैवत’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं (वादी म्हणजे रागातला मुख्य स्वर). कानांना पटायला दोन रेकॉर्डी एकामागून एक लागतात. हे जमलं की मारवा, पुरिया आणि सोहनी असा तिहेरी घाट घाला. पंचम तिघांतही नाही, कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम तिघांतही आहेत. मारव्यात रिषभ-धैवतांचं राज्य, पुरियात गांधार-निषाद आणि मंद्राची ओढ, सोहनी जवळजवळ तार सप्तकातच राहते.

दुसरी चांगली तुलना एकाच गुरूच्या शिष्यांची. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचं स्वतःचं गाणं आपल्याला तबकडीवर मिळत नाही. त्यांची गायकी समजून घ्यायची तर केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघींना शेजारी शेजारी ठेवावं लागतं, आणि मल्लिकार्जुन मन्सूरांना, कारण ते खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे शिकले. तिघांत जे सारखं सापडेल ते टिपून ठेवा, आणि जे वेगळं निघेल तेही. इथे मला दरवेळी नवं काही सापडतं, आणि घराण्याबद्दल ठाम बोलण्याआधी असं ऐकणं प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. घराण्यावरून सुरू झालेली चर्चा रेकॉर्डपाशी पोचत नाही. रेकॉर्डवरून सुरू झालेली मात्र घराण्यापाशी नक्की पोचते.

मतभेद झाला तर

आधी तो कसला आहे ते ठरवा. ‘तो निषाद कोमल होता’, ‘मुखडा अकराव्या मात्रेला उचलला’, हे मतभेद ऐकून मिटतात. जागा परत लावा. लय फार द्रुत असेल तर पट्टी न बदलता वेग निम्मा करणारी सोय आता मोबाइलवरही आहे. ती वापरा आणि तेवढा तुकडा स्वरलिपीत लिहून काढा. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब. टाइप करताना ‘को. रे’, ‘ती. म’ असं लिहिलं तरी भागतं.

‘तानांचा पाऊस जास्त झाला’, ‘आवाज कोरडा वाटला’, हे मतभेद मिटवायचे नसतात. दोन्ही मतं नावानिशी वहीत लिहा आणि पुढे चला. आवाजाबद्दल बोलताना मात्र गायकाचं वय आणि प्रकृती लक्षात घ्या. कुमार गंधर्वांच्या बालपणीच्या तबकड्या आणि क्षयाच्या आजारातून उठल्यावरचं गाणं यांची नुसती तयारीवरून तुलना करणं अन्यायाचं होईल. नंतरच्या गाण्यात छोट्या छोट्या तुकड्यांतून ते काय उभं करतात ते ऐकायला हवं.

लांबच्या मित्रांना लिहून पाठवताना

पुण्यातला एक, पणजीतला एक, न्यू जर्सीतली एक, असा गट असेल तर सगळे आपापल्या वेळेला ऐकतील आणि लिहून कळवतील. इथे एक अडचण हमखास येते. ‘४ मिनिटं १२ सेकंदांची जागा ऐक’ असं तुम्ही लिहिता आणि समोरच्याच्या प्रतीत तिथे तबला लावणं चाललेलं असतं. एकाच रेकॉर्डच्या निरनिराळ्या प्रती वेगळ्या ठिकाणी सुरू होतात, एलपीची बाजू पलटण्याची जागा कुठे जोडलेली तर कुठे तोडलेली असते. म्हणून वेळेच्या जोडीला गाण्यातली खूण द्याच: ‘अंतऱ्याची पहिली ओळ संपल्यानंतरचं दुसरं आवर्तन’, ‘द्रुत सुरू झाल्यावरची पहिली सपाट तान’. ही खूण कुठल्याही प्रतीत सापडते.

टिपण दोन-अडीचशे शब्दांचं असावं. वर रेकॉर्डची ओळख, मग दोन किंवा तीन जागा, आणि शेवटी मित्रांना एक प्रश्न. गायकाचं चरित्र लिहू नका. ते सगळ्यांना मिळतं. तुमच्या कानाला काय लागलं ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

प्रती वाटण्याबाबत थोडं भान ठेवा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. अलीकडच्या रेकॉर्डी मित्रांनी विकत घ्याव्यात किंवा अधिकृत ठिकाणी ऐकाव्यात. खासगी बैठकीची फीत हाती आली असेल तर ती पुढे पाठवण्याआधी कलाकाराला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा. नाही म्हणाले तर घरी बोलावून ऐकवा.

पहिल्या काही बैठकींसाठी

पहिल्या दोन बैठकी वर सांगितलेल्या दोन तबकड्यांवर. तिसरीला भूप आणि देशकार. चौथीला केसरबाई आणि मोगूबाई, शक्यतो एकाच रागात. पाचवीला अमीर खाँसाहेबांचा मारवा, एलपीची एकच बाजू, दरबारी पुढे कधीतरी. सहावीला नाव न सांगता एखादी रेकॉर्ड लावा. गायक कोण ते सगळ्यांच्या रेघा वाचून झाल्यावरच सांगायचं. निवडणाऱ्याने चेहऱ्यावरून काही कळू देऊ नये, आणि ऐकणाऱ्यांनी ओळखलं तरी गप्प बसावं. त्या दिवशी ७८ ची तबकडी नको. एलपी किंवा मैफलीचं ध्वनिमुद्रण घ्या, म्हणजे नुसत्या खरखरीवरून काळ आणि त्यावरून गायक असा अंदाज कुणी बांधणार नाही.